दुसरी दोरी कुणाची

टिळकवाडी, बेळगाव
२३ सप्टेंबर २०२४

आज्जा,

जय जिनेंद्र. पत्र बघून दचकू नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आज्जी फोन कानाला लावायच्या आधीच रडते, म्हणून लिहिते. शेवटचं आधी सांगते: मी बरी आहे, जेवते, हसते, रिक्षाने कॉलेजला जाते. मावशी मला उठून पाण्याचा तांब्यासुद्धा घेऊ देत नाही.

आता पहिलं. मागच्या आठवड्यात आमच्या कॉलेजची खो-खोची मॅच होती. पाठलाग माझ्याकडे होता. समोरची पोरगी खांबाजवळ वळली, तिच्यामागे मीही खांबाला हात घालून गर्रकन वळले. अंग वळलं आणि पाऊल मातीत तिथंच रुतून राहिलं. गुडघ्यात 'टक्' झालं. इतकं स्पष्ट की आरोही, आमच्या टीमची कॅप्टन, म्हणाली तिलाही ऐकू आलं. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला.

एमआरआय काढला. गुडघ्याच्या आत एक पट्टा असतो, त्याला लिगामेंट म्हणतात. मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांवरून घसरू नये म्हणून तो धरून ठेवतो. माझा तो पुरता तुटलाय. सरळ चालताना काही वाटत नाही, पण वळायला गेलं की गुडघा निसटतो. काल जिन्यात निसटला, मावशीनं धरलं म्हणून वाचले. डॉक्टर नागेंद्र म्हणाले, हा पट्टा आपोआप जुळत नाही, शिवला तरी बहुतेक टिकत नाही. ऑपरेशन करून त्या जागी दुसरी दोरी घालावी लागते. नाही केलं तर घरात वावरता येईल, पण खो-खो बंद.

पप्पांनी हुबळीहून बजावलंय, आज्जाला एवढ्यात सांगू नको म्हणून. पण दहावीपर्यंत मला वाढवलं तुम्ही दोघांनी. तुमच्यापासून लपवायचं म्हणजे मांजरानं डोळे मिटून दूध प्यायचं.

एकच मागते. "पोरीच्या जातीला खेळ कशाला" असं घरात कुणी म्हणायला लागलं तर तुम्ही गप्प बसू नका. मला परत खेळायचंय आज्जा.

तुमची
क्षमा

—

अकोळ, ता. निपाणी
३० सप्टेंबर

चि. क्षमा, तुझ्या दोन्ही गुडघ्यांना आज्जाचा आशीर्वाद, मोडक्याला जरा जास्त.

पत्र पोचलं. शेंगा फोडत कट्ट्यावर बसलो होतो, त्या तशाच टाकून वाचलं. आज्जीला सांगायचं न्हाय असं ठरवून आत गेलो. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "काय झालंय? सांगा. तुमच्या मिशीला काय लपवता येत न्हाय." मग सांगितलं. रडली. पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "त्या खांबाला आग लागो." खांबाचा काय दोष गं? तो बिचारा जिथल्या तिथं उभा होता.

घरात कोण काय म्हणेल ते माझ्यावर सोड. तुझा बाप सन्मती लहानपणी पतंगापायी माळवदावरनं पडला, हात गळ्यात बांधून दिवाळी काढली. तेव्हा कुणी म्हणालं का, पोराच्या जातीला पतंग कशाला? तू खेळायचं. हे झालं.

आता माझं एक. खत आणायला गेलो, तिथं दुकानवाला शामू भेटला. तुझा विषय निघाला. तो म्हणतोय, "दुसरी दोरी म्हणजे काय बाजारात मिळती व्हय आप्पा? मेलेल्या माणसाची काढून बर्फात ठिवत्यात, न्हायतर जनावराची." त्याच्या मेव्हण्याच्या कुणा मित्राला तशीच घातली म्हणे, कुठं परदेशात.

तेव्हापास्नं मला घास गोड लागेना. आपल्या घरात बटाटा येत न्हाय. पायाखाली मुंगी आली तरी तुझी आज्जी दिवसभर हळहळती. आणि पोरीच्या गुडघ्यात जन्मभर कुणा मुक्या जिवाची शीर? मी ऑपरेशनला नको म्हणत न्हाय. तू खेळायचंस, हे वर लिहिलंय, ते पुसलेलं न्हाय. पण ती दुसरी दोरी कुणाची, एवढं मला कळव.

तुझा आज्जा
धनपाल

—

टिळकवाडी
७ ऑक्टोबर

आज्जा,

शामूकाकांचं काय ऐकता! खत मागायला गेलं तर ते हवामान सांगतात आणि हवामान विचारलं तर राजकारण.

ऑपरेशन ठरलं. येत्या १६ तारखेला, बुधवारी सकाळी. आधी सूज उतरली पाहिजे आणि पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे, म्हणून रोज व्यायाम चाललाय. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबायचा. मावशी बाजूला बसून "अजून दाब, अजून दाब" म्हणते, जसं काही गुऱ्हाळात ऊसच घालतेय.

दोरीचं डॉक्टर बघतात. कुठली घालायची, कशी घालायची, ते त्यांचं काम. तुम्ही त्यात डोकं घालून झोप घालवू नका. आणि येऊ तर मुळीच नका. पप्पा, मम्मी येणार आहेत. तुम्हाला दोन बस बदलून, धक्के खात यायचं काही कारण नाही. दिवाळीला मीच येईन, तेव्हा बघा गुडघा पोटभर.

आज्जीला सांगा, खांबाला शिव्या देऊ नको. त्याच्याशी मला अजून काम आहे.

क्षमा

—

अकोळ
१२ ऑक्टोबर, दसरा

चि. क्षमा,

आज सोनं वाटताना तुझ्या नावाचं एक पान वेगळं ठेवलंय.

पोरी, शेळी काटा चुकवून पाला खाती तसा तू माझा प्रश्न चुकवलास. बाकी सगळं लिहिलंस, टॉवेल लिहिलास, मावशी लिहिलीस, दोरी कुणाची तेवढं लिहिलं न्हाईस. क्षमा, तू लहानपणी गुळाचा खडा चोरलास की असंच बोलायचीस, भरभर आणि दुसरंच. तेव्हा मी समजलो. शामूचं खरं आहे आणि तुला ते माझ्यापासून लपवायचंय. तुझा राग न्हाय. खेळायची आस मोठी आहे, मला कळतं.

म्हणून दोन दिवस विचार करून मी एक ठरवलंय. दोरी माझी घ्या.

हसू नको. मलाही दोन गुडघे आहेत आणि दोन्हीत पट्टे आहेत. मला आता कुठला खांब मारायचाय? दर्शनाला बस्तीच्या पायऱ्या चढायच्या, कट्ट्यावर बसायचं, एवढ्याला एक पाय बास. दुसरा जरा ओढत चालीन. माल जुना आहे खरा, पण मुरलेला आहे. तंबाखू, ऊस, भुईमूग, सगळी शेती या गुडघ्यांवर उभी राहिली, एकदाही निसटले न्हाईत. आणि जित्या माणसानं राजीखुशीनं दिलेलं, त्यात कुणाची हिंसा न्हाय, कुणाचा शाप न्हाय.

बुधवारी पहिल्या गाडीनं निपाणी, तिथनं बेळगाव. मंगळवारी सूर्य मावळायच्या आत जेवीन, त्यानंतर पाणीसुद्धा घेणार न्हाय. ऑपरेशनला पोट रिकामं लागतं म्हणे. आपल्याला त्याची सवय आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. आज्जीला एवढंच म्हणालोय, पोरीला बघून येतो. तू डॉक्टरांच्या कानावर घालून ठेव, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको.

आज सुट्टी, उद्या रविवार. पत्र सोमवारी पेटीतनं निघेल. माझ्या आधी पोचलं म्हणजे झालं.

तुझा आज्जा

—

टिळकवाडी
२१ ऑक्टोबर

आज्जा,

तुमचं दसऱ्याचं पत्र मला आज मिळालं. हॉस्पिटलमधून मावशीकडे आले, तर उशाशी ठेवलं होतं. तुमच्यानंतर आलं ते. वाचता वाचता आधी हसले, मग इतकी रडले की मम्मी धावत आली. तिला वाटलं टाके दुखताहेत.

आणि त्या दिवशी मला वॉर्डात आणलं तेव्हा तुम्ही टोपी हातात घेऊन उभे होतात आणि काय म्हणालात? "सहज आलतो." सहज! उपाशीपोटी, गुडघा द्यायला, सहज!

आता मी सगळं सांगते, काही न गाळता.

पाठीत एक सुई दिली. थोड्या वेळानं कमरेखालचे पाय माझे राहिले नाहीत, कुणीतरी दुसऱ्याचे आणून ठेवल्यासारखे. पण मी जागी होते. छातीपाशी हिरवा पडदा, बाजूला टीव्ही. मी म्हटलं, "डॉक्टर, मला बघू द्या." त्यांनी टीव्ही माझ्याकडे वळवून दिला.

सगळ्यात आधी त्यांनी दोरी काढली. आज्जा, ती माझीच. नडगीच्या वरच्या टोकाला, आतल्या बाजूनं लहानसा काप घेतला आणि मांडीच्या मागच्या स्नायूंची लांब दोरी तिथून ओढून काढली. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्हाला लिहिलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असता, एक वासा मोडला म्हणून दुसरा धडधाकट वासा कशाला काढता? आज्जी तर डॉक्टरांनाच आग लावायला निघाली असती. वाटलं, झाल्यावर सांगू. तुम्ही इतका दुसराच विचार करत बसाल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

बाजूच्या टेबलावर एक जण ती दोरी घडी घालून, शिवून, चार पदरी करत होता. इकडे माझ्या गुडघ्याला दोन बारीक भोकं. एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून अवजार. आत पाणी सोडून गुडघा फुगवतात, म्हणजे स्वच्छ दिसतं. आज्जा, आत काय सुंदर असतं! शहाळ्यातल्या मलईसारखं पांढरंशुभ्र. आणि मधेच माझा तुटलेला पट्टा, ओढ्यातल्या शेवाळासारखा पाण्यात हलणारा. यानं मला इतकी वर्षं पळवलं होतं.

तो साफ केला. मग हाडात बोगदा पाडला. गिरमिटानं! आपल्या बेळगावात लोक चुरमुऱ्याचं खातात ते नव्हे, सुताराचं. घर्रर्र आवाज येत होता, पाय हलत होता, दुखत मात्र काही नव्हतं. तेवढ्यात एक नर्स आत आली आणि डॉक्टरांशी कन्नडमधून काहीतरी कुजबुजली. डॉक्टरांचे हात थांबले नाहीत, पण मास्कच्या आत ते हसले. म्हणाले, "क्षमा, बाहेर तुझा दाता येऊन बसलाय." मला वाटलं औषधाची गुंगी चढली.

मग दोरी खालून आत घेतली आणि वर ओढली. वरच्या टोकाला हाडाच्या बाहेर एक बारीकसं बटण अडकलं, खाली स्क्रू पिळला. झालं. डॉक्टरांनी माझा पाय वाकवला, सरळ केला, नडगी पुढे ओढून बघितली. टीव्हीवर ती दोरी ताठ झाली आणि नडगी जागची हलली नाही. "बघ, धरलं," ते म्हणाले.

ते 'धरलं' माझ्या कानात अजून आहे.

पण आज्जा, बाहेर काय झालं ते मला कुणीच नीट सांगत नाही. नर्स नुसती हसते. तुम्ही लिहा.

क्षमा

—

अकोळ
२६ ऑक्टोबर

चि. क्षमा,

विचारलंसच, तर ऐक.

मी पोचलो तेव्हा तुला आत नेलेलं. तुझा बाप औषधं आणायला खाली गेलता, तुझी आई डोळे मिटून णमोकार म्हणत होती, तिला मी आलेला दिसलोच न्हाय. मी सरळ नर्सबाईकडं गेलो. ती म्हणाली, "कूडरी अज्जा." मी म्हटलं, बसायला आलो न्हाय, पाय द्यायला आलोय. तिला वाटलं माझंच ऑपरेशन आहे. तिनं विचारलं, शेवटचं कधी जेवलात? म्हटलं, काल सूर्य मावळायच्या आत. पाणी? तेव्हापास्नं थेंब न्हाय. ती दुसरीला हाक मारून म्हणाली, "बघ गं, सांगितलेलं ऐकणारा पेशंट असा असतोय!" मग कागदावर माझं नाव शोधायला लागली. कुठनं सापडणार? तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिनं तोंडावर हात धरला आणि आत पळाली.

मग किती वेळ गेला कोण जाणे. मी धोतर नीट करून, गुडघे पुसून तयार बसलो. खरं सांगू? भ्यालो होतो. द्यायचं म्हणणं सोपं असतं, दार उघडायची वाट बघणं अवघड. पण उठून गेलो न्हाय.

डॉक्टर बाहेर आले, माझ्याशेजारी बाकावर बसले आणि कानाशी मोठ्यानं म्हणाले, "अज्जा, तुमची दोरी लागली नाही. तिची तिलाच पुरली." मला काही उमजेना. मी म्हटलं, साहेब, जनावराची तर न्हाय? ते म्हणाले, "न्हाय." मेलेल्याची? "कुठंकुठं दात्याची घालतात, पण हिला गरज नव्हती." मग त्यांनी माझ्या खांद्यावरचा टॉवेल घेतला, त्याच्या लांब पट्टीच्या चार घड्या घातल्या आणि दोन टोकं माझ्या हातात दिली. "ओढा." मी ओढलं. "आता हीच तिच्या गुडघ्यात आहे. काही महिन्यांत ही दोरी तिथं मुरती, रक्त धरती, तिथलीच होती. मांडी मागनं थोडी अशक्त राहील, ती व्यायामानं भरून येईल."

मी विचारलं, म्हणजे कुणा जिवाला तरास न्हाय? ते म्हणाले, "आहे की. तुमच्या नातीला, थोडा."

पोरी, मग मी पाणी प्यालो. त्या हॉस्पिटलच्या नळाचं पाणी, पण आपल्या विहिरीलाही तशी चव कधी लागली न्हाय. छातीवरनं जातं उतरलं.

आज्जीला आता सगळं कळलंय. पहिल्यांदा माझ्यावर खेकसली, "मला न विचारता पाय वाटत सुटलाय!" मग भाकरी वाढता वाढता म्हणाली, "बरं झालं घेतली न्हाय. तुमची दोरी घातली असती तर पोरगी खांबाकडं पळायची सोडून कट्ट्याकडं पळाली असती." दिवसभर आपली आपली हसत होती.

एक मात्र ध्यानात धर. म्हाताऱ्याला वाईट खरं सांगितलं तर ते पचतं. न सांगितलेलं पचत न्हाय. ते डोक्यात शिरलं की वासराचा बैल होतो आणि सगळं शेत तुडवतो.

दिवाळीला गाडी करून आणतो. तुझं अंथरूण सोप्यात घातलंय, पायरी चढायला नको.

तुझा, दोन्ही गुडघ्यांसकट,
आज्जा

—

टिळकवाडी
५ मार्च २०२५

आज्जा,

दिवाळीनंतर पहिल्यांदाच लिहितेय. कुबड्या सुटल्या, गुडघ्याला बाहेरून बांधायचा पट्टा सुटला, मांडी पुन्हा मांडीसारखी दिसायला लागली, हे सगळं मम्मीकडून कळलं असेलच. तिला न कळलेलं लिहिते. तुम्हीच म्हणालात ना, वाईट असलं तरी खरं सांग.

मी पळत नाही.

डॉक्टरांनी तपासून पळायला परवानगी दिलीय. वळायचं, उड्या मारायच्या अजून बरेच महिने नाहीत, पण सरळ रेषेत हळूहळू पळ म्हणाले. गुडघा पक्का आहे, ताकद आली आहे. रोज मैदानावर जाते. आरोही म्हणते, "चल, माझ्याबरोबर, बोलत बोलत." ती निघते आणि मी तिथंच उभी. पाऊल उचलायच्या आधी कानात ते 'टक्' वाजतं. काल तिनं हात धरून ओढलं तर तिच्यावर ओरडले. नंतर खूप वाईट वाटलं.

गुडघ्यानं धरलंय आज्जा. मीच धरत नाही. आतून वाटतं, हे सगळं करून मी नुसती चालणारीच राहणार.

क्षमा

—

अकोळ
१२ मार्च

चि. क्षमा,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

यावर माझ्याकडं औषध न्हाय. नवा बैल पहिल्यांदा पाण्यात पाय घालत न्हाय, त्याला चाबूक दाखवला तर जन्मात घालत न्हाय. आरोहीला म्हणावं, तू पळ आणि हिला उभी राहू दे.

पाडव्याला ये. पळण्याचा विषय या घरात कुणी काढणार न्हाय. आज्जीलाही ताकीद दिलीय. ती म्हणती, "मला कशाला सांगता, तोंड तुमचंच मोठं."

आज्जा

—

अकोळ
३१ मार्च

चि. क्षमा,

तू अजून बेळगावला पोचलीही नसशील आणि मी लिहायला बसलोय. आज्जी म्हणती, आत्ताच तर गेली, एवढं काय लिहिता? पण हे आत्ताच लिहिलं पाहिजे. उद्यापर्यंत मला स्वतःलाच खोटं वाटेल.

सकाळी आपण तिघं स्टॉपवर उभे होतो. गाडी आली. तू चढायला निघालीस आणि आज्जीच्या ध्यानात आलं की शेंगांच्या पोळ्यांचा डबा देवळाच्या कट्ट्यावरच राहिला. तू म्हणालीस, मी आणते. चालत गेलीस, डबा उचललास, आणि तेवढ्यात त्या ड्रायव्हरनं गाडी हलवली. त्याला काय ठाऊक कोण चढायचंय ते. मी काठी वर करून "थांब रं, थांब" म्हणून ओरडलो.

आणि तू आलीस. डबा पोटाशी धरून, वेणी मागं उडवत, कट्ट्यापास्नं गाडीपर्यंत सरळ. दांडा पकडलास, पायरीवर चढलीस, कंडक्टरला काहीतरी सुनावलंस. त्यानं जीभ चावली. मग खिडकीतनं हात हलवलास आणि म्हणालीस, "आज्जी, पोळ्या गरम आहेत अजून!"

तुला कळलं का गं, तू काय केलंस? तुझ्या तोंडाकडं बघून मला तर वाटलं, न्हाय कळलं. तुला फक्त गाडी दिसत होती.

आम्हाला कळलं. मी काठी वर धरलेली तशीच राहिली, खाली घ्यायचं सुचेना. आज्जीनं माझा दंड गच्च धरला होता. तू डबा घेऊन निघालीस तेव्हाच तिचं तोंड उघडलं होतं. "अगं, गुडघा..." एवढं ओठावर आलेलं. मी तिला म्हटलं, "आता गप बस. गाडी जाऊ दे, मग काय ओरडायचं ते ओरड."

गाडी वळणावरनं दिसेनाशी झाली. मग ती ओरडली. मी पण ओरडलो. स्टॉपवरची माणसं बघायला लागली, म्हातारा-म्हातारीला काय झालं म्हणून.

तुझा आज्जा